आहेर, वाण, ओवाळणी: ताण न घेता भेट देण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराई, बारशी, वास्तुशांती, संक्रांत, भाऊबीज… वर्षभर कुणाला ना कुणाला काहीतरी द्यायचं असतंच. धावपळ होते ती आदल्या संध्याकाळी दुकान गाठल्यामुळे. खालचे प्रश्न मराठी घरांत नेहमी पडणारे आहेत.

सुरुवात कुठून करावी?

एका वहीपासून. लग्नघरात आहेराची यादी लिहायला कुणीतरी वही घेऊन बसतंच, तशीच एक वही घरात कायमची असू द्या. पाच रकाने आखा. तारीख, प्रसंग, आपण काय दिलं, त्यांच्याकडून काय आलं आणि पाचवा रकाना बोलता बोलता कानावर पडलेल्या गोष्टींचा. ‘वहिनींच्या मिक्सरचं चटणीचं भांडं गळतं.’ ‘काकांना हल्ली शर्टाची बटणं लावायला त्रास होतो.’ ‘पुतणीने कथ्थक सुरू केलंय.’ ही वाक्यं आठवडाभरात विसरली जातात आणि मग दुकानात उभं राहून ‘काय द्यावं?’ असा प्रश्न पडतो. ऐकल्या दिवशीच टिपून ठेवलंत तर अर्धं काम तिथेच होतं.

दर महिन्याच्या १ तारखेला पुढच्या सहा आठवड्यांचे प्रसंग बघा. अनारसे, हलव्याचे दागिने, शिवून घ्यायचे कपडे, नाव कोरलेली भांडी या गोष्टींना आठ-दहा दिवस ते तीन आठवडे लागतात, म्हणून सहा आठवडे.

आहेराच्या पाकिटात किती रुपये घालावेत?

आधी वर्षाची रक्कम ठरवा, मग प्रसंग मोजा. समजा वर्षाला १८,००० रुपये काढता येतात आणि १४ प्रसंग दिसतायत. त्यातली चार माणसं अगदी जवळची. निम्मे म्हणजे ९,००० त्या चौघांत वाटले तर प्रत्येकी साधारण २,२५० होतात, उरलेल्या दहांना ९०० च्या आसपास. म्हणजे कुठे ५०१, कुठे १,००१, कुठे २,१०१ असं बसवता येतं. ऐनवेळी येणाऱ्या आमंत्रणांसाठी हजार-दीड हजार बाजूला राहतील असं बघा.

‘हॉलमध्ये ताट किती रुपयांचं असेल’ हा हिशोब करूच नये. जेवण हा यजमानांचा आनंद आहे, त्याचं बिल पाहुण्याने भरायचं नसतं. वहीत त्यांच्याकडून आलेला आहेर दिसतो, तेवढ्याच्या आसपास देणं रीतीला धरून आहे. दहा वर्षांपूर्वी ५०१ आले असतील तर आज थोडं वाढवा. ते जमत नसेल तर ५०१ च द्या, त्यात काही कमीपणा नाही.

शेवटी एक रुपया का?

शून्यावर संपलेली रक्कम पुरी झाली, मिटली असं मानतात. वर एक ठेवला की देणं-घेणं पुढे चालू राहतं. म्हणूनच नाणं चिकटवलेली पाकिटं मिळतात.

पाकिटाबद्दल त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नाव. रात्री दोन्हीकडची मंडळी पाकिटं फोडून यादी करायला बसतात तेव्हा नुसतं ‘पाटील’ लिहिलेली सहा पाकिटं निघतात. पूर्ण नाव, गाव आणि कोणाच्या बाजूचे, एवढं बॉलपेनने लिहा. जेल पेनची शाई गुळगुळीत पाकिटावर पुसली जाते. यूपीआयने पाठवत असाल तर संदेशाच्या जागी ‘लग्नाचा आहेर’ आणि आपलं नाव नक्की घाला, कारण नवऱ्या मुलाच्या खात्यात त्या दिवशी केटररचे आणि बँडचे व्यवहारही चालू असतात.

पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलंय. तरी न्यावं का?

नेऊ नका. यजमानांनी विचार करून ते छापलेलं असतं. सगळे रिकाम्या हाताने आले आणि चौघांनी पाकिटं पुढे केली की बाकीचे ओशाळतात. अगदीच राहवत नसेल तर नंतर नवरा-नवरीला घरी जेवायला बोलवा आणि तेव्हा काय द्यायचं ते द्या.

साडी द्यायची आहे. कोणत्या चुका टाळाव्यात?

पहिली चूक लांबीची. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर असते, त्यापुढे ब्लाउजचं ८० सेंटिमीटर कापड जोडलेलं असेल तर एकूण ६.३ मीटर होते. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास. नऊवारी नेसणाऱ्या आजींना सहावारी दिली तर ती तशीच पुढच्या आहेरात जाते. सुटा ब्लाउजपीस घेताना ८० सेंटिमीटर कापड कोपरापर्यंतच्या बाह्यांना किंवा भरलेल्या अंगाच्या बाईला कमी पडतं. एक मीटरच घ्या, फरक थोड्या रुपयांचा असतो.

दुसरी चूक वजनाची. भरजरी साडी सत्तरीच्या बाईला दिवसभर पेलवत नाही. सुती, नारायणपेठी किंवा हलकी सिल्क-कॉटन घ्या. दुकानात साडी हातावर आडवी टाकून दोन मिनिटं तशीच धरा, वजन लगेच कळतं.

तिसरी चूक फॉल-पिको करून देण्याची. एकदा फॉल लागला की साडी बदलून मिळत नाही. त्याऐवजी मॅचिंग फॉल घडीत ठेवा आणि बिलाची प्रत द्या. रंगाबद्दल खात्री नसेल तर त्यांचे अलीकडचे दोन-चार फोटो बघा. माणूस आवडीचे रंग पुन्हापुन्हा नेसतं.

दुकानदार ‘पैठणीच आहे’ म्हणतो. खरं कसं ओळखायचं?

पदर उलटा करून बघा. हातमागावरच्या पैठणीत पदरावरचा मोर, वेल किंवा नारळी काठ हे उलट बाजूनेही जवळजवळ तसेच दिसतात, कारण विणकर प्रत्येक रंगाचा धागा नक्षीपुरताच फिरवून शेजारच्या धाग्यात अडकवतो. मागे लांब सुटे धागे लोंबत असतील किंवा कापलेल्या धाग्यांची लव असेल तर ती यंत्रमागावरची आहे. दुकानात तिला सेमी पैठणी म्हणतात. सेमी पैठणी देण्यात काहीच गैर नाही, फक्त ती येवल्याच्या हातमागाच्या भावाने घेऊ नये.

लेबलंही नीट वाचा. सिल्क मार्क एवढंच सांगतो की रेशीम शुद्ध आहे, विणकाम हाताचं की यंत्राचं ते सांगत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. साडीसोबत मलमलचं किंवा जुन्या धुवट सुती कापडाचं आवरण द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवेत जर काळी पडते, आणि वर्षभर एकाच घडीत राहिली की घडीवर चिरते. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, असं तोंडीही सांगा.

आलेली वस्तू पुढे दिली तर चालतं का?

चालतं. पाच इस्त्र्या घरात पडून राहण्यापेक्षा एखादी गरजेच्या घरी गेलेली बरी. पण दिलेली वस्तू त्याच गोतावळ्यात परत फिरू नये, म्हणून ती आली तेव्हाच डब्यावर पेन्सिलीने देणाऱ्याचं नाव आणि महिना लिहून ठेवा. मामाकडून आलेलं मावशीकडे जाऊ नये. पुढे देण्याआधी डबा पूर्ण उघडा. झाकणाखालची ‘सप्रेम भेट’ची चिठ्ठी, भांड्यावर कोरलेलं नाव, साडीच्या आतल्या घडीतलं कुंकू लागलेलं पाकीट, या तीन ठिकाणी फजिती होते. विजेच्या वस्तूची वॉरंटी संपली असेल तर तसं स्पष्ट सांगून द्या. कपडे दोन वर्षांपेक्षा जुने असतील तर उजेडात घडीच्या रेषा बघा, तिथे रंग उडालेला असतो.

बारशाला काय न्यावं?

बाळाला होणारे कपडे सगळेच आणतात आणि ते दोन महिन्यांत आखूड होतात. तुम्ही ९ ते १२ महिन्यांच्या मापाचं घ्या, आणि घेताना ऋतू मोजा. जूनमध्ये जन्मलेलं बाळ मार्चमध्ये नऊ महिन्यांचं होईल, म्हणजे बिनबाह्यांचं सुती झबलं हवं, स्वेटर नको. मार्चमध्ये जन्मलेल्याला डिसेंबरमध्ये नऊ महिने होतात, तिथे स्वेटर बरोबर.

कापड हाताला मऊ लागलं तरी शिवण आतून बघा. मानेमागचं टोचरं लेबल आणि छातीवरचे चिकटवलेले मणी नकोत. चांदीचे वाळे घेत असाल तर कडांवरून अंगठा फिरवा, कातडीला खरखर लागता कामा नये. वाळ्यांचे घुंगरू ओढून बघा. सुटलेला घुंगरू बाळाच्या तोंडात जातो. गुटीच्या सामानासोबत मधाची बाटली देण्याची पद्धत अजून दिसते, ती टाळा. एक वर्षाच्या आत मध देऊ नये असं डॉक्टर सांगतात, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्याला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

आणि आईसाठी काहीतरी न्या. चार डबे डिंकाचे किंवा अळिवाचे लाडू, पुढून उघडणारे दोन सुती गाऊन, किंवा ‘मंगळवारी दोन तास मी बाळाजवळ बसते, तू झोप’ असं ठरवून दिलेलं आणि पाळलेलं वचन. बारशाच्या सगळ्या आहेरात तिची आठवण फार थोड्यांना होते.

वास्तुशांतीला गणपतीच्या मूर्तीशिवाय काय देता येईल?

घराच्या पहिल्या महिन्यात ज्यावाचून अडतं ते. चांगल्या प्रतीची १६ फुटांची टेप, स्क्रूड्रायव्हर संच, हातोडी, इन्सुलेशन टेप आणि दोन टॉर्च एका डब्यात घालून दिलं तर त्याच आठवड्यात पडदे लावताना ते उघडलं जातं. तुळशीचं रोप देणार असाल तर आधी गॅलरीत ऊन किती तास येतं ते विचारा. तीन-चार तासांपेक्षा कमी ऊन असेल तर तुळस झुरते, तिथे मनीप्लांट किंवा स्नेक प्लांट बरा. घड्याळ आणि फ्रेम विचारल्याशिवाय नकोच, भिंत त्यांची आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण किती आणि कसलं आणावं?

बोलावलेल्या बायकांच्या संख्येच्या सव्वापट धरा, कारण सोबत सासू, बहीण, शेजारीण येते. ३० आमंत्रणं असतील तर ३८ वाणं. उरलेली घरात वापरता येतील अशीच वस्तू निवडा म्हणजे उरण्याची भीती राहत नाही. स्टीलची लहान गाळणी, सुती पिशवी, शंभर ग्रॅम चांगली हळद, कोथिंबीर-मेथीच्या बियांच्या पुड्या. प्लॅस्टिकच्या टोपल्या आणि डब्या प्रत्येक घरी आधीच ढिगाने आहेत. घेताना एक नग वापरून बघा. गाळणीची जाळी पहिल्याच चहाला सुटली तर ३८ घरांत आपलं नाव निघतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, त्यामुळे पहिल्याच रविवारी गर्दी करण्याची गरज नाही.

नव्या सुनेसाठी किंवा बाळाच्या बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने देणार असाल तर ते आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका. ओल लागली की हलव्याचे काटे विरघळून दाणे चिकट होतात. कोरड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली कापूस घालून ठेवा.

विधवा नातेवाइकांना, मैत्रिणींना बोलवावं का?

बोलवा, आणि इतरांना देता तेच वाण त्यांनाही द्या. वेगळं, कमी, किंवा ‘तुमच्यासाठी नुसतं तिळगूळ’ असं करू नका. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तेव्हापासून ही चर्चा घराघरांत पोचली आहे. कुंकू लावून घ्यायचं की नाही हे त्यांनी ठरवावं. करंडा पुढे करा आणि क्षणभर थांबा. बोलावण्याचा फोन मात्र आधी आणि स्वतः करा, ‘तू यायचंसच’ असं म्हणून. ऐनवेळी दुसऱ्याकडून निरोप आला तर त्या येत नाहीत.

अधिक महिन्यातलं जावयाचं वाण: ३३ अनारसेच हवेत का?

अधिक महिना साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो, म्हणून वाणात ३३ ही संख्या धरतात. अनारसे, बत्तासे, म्हैसूरपाक असं जाळीदार काहीही चालतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे.

अनारसे सांगायचे तर ३३ ऐवजी ३५-३६ सांगा, वाटेत दोन-तीन हमखास मोडतात. ऑर्डर दहा दिवस आधी द्या. तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवायचे, निथळून दळायचे, गुळात मळलेलं पीठ पुन्हा काही दिवस मुरवायचं, यात घाई केली की अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो. न्यायला पसरट डबा घ्या, थरांमध्ये बटर पेपर घाला, खसखशीची बाजू वर. सोबत तांब्याचं ताम्हन आणि दिवा देतात. जावयाच्या घरी ते आधीच असेल तर लेकीला विचारून दुसरं भांडं द्या. हे वाण कर्ज काढून करायचं नसतं. ३३ बत्तासे आणि एक निरांजन एवढ्यानेही ते पूर्ण होतं.

सोनं द्यायचं तर काय बघावं?

दागिन्यावर तीन खुणा असतात. बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा त्रिकोणी शिक्का, शुद्धता (२२ कॅरेटला २२के९१६, १८ कॅरेटला १८के७५०) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्क केलेला दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की सराफाची नोंदणी, वस्तूचा प्रकार आणि शुद्धता दिसते. अंगठी घेतलीत आणि ॲपमध्ये कर्णफुलं दिसली तर तिथेच थांबा.

दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि आहेरात नेमकी एक ग्रॅमची वेढणीच बहुतेकदा दिली जाते. अशा वेळी पक्क्या बिलावर वजन आणि कॅरेट लिहून घ्या आणि बिल भेटीसोबतच द्या. लहान दागिन्याची घडणावळ वजनाच्या मानाने जास्त पडते. मोडताना घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी दोन्ही हातचे जातात. पुढे अडीअडचणीला उपयोगी पडावं एवढाच हेतू असेल तर नाणं घ्या, अंगावर घालावं असं वाटत असेल तर दागिना.

चांदीची वस्तू बांधायला रबरबँड वापरू नका. रबरातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा उमटतो.

हापूसची पेटी भेट द्यायची योग्य वेळ कोणती?

अक्षय्य तृतीयेनंतर. मार्चमध्ये भाव चढा असतो, मेमध्ये तेवढ्याच पैशांत जास्त आणि चांगलं फळ मिळतं. देण्याआधी त्या घरचे गावाला तर जाणार नाहीत ना, हे विचारा. कच्चा आंबा गवतात पिकायला पाच ते आठ दिवस लागतात. पेटीवर मार्करने ‘अमुक तारखेपासून बघत जा’ असं लिहा. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवलं तर नीट पिकत नाही आणि साल सुरकुतते. रोज हात फिरवून मऊ झालेले वेगळे काढायचे, नाहीतर एक नासतो आणि शेजारचे चार नेतो. साका, म्हणजे आतल्या गराचा खराब झालेला पांढरट भाग, वरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. म्हणून बदलून देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या आणि त्याचा नंबर पेटीत ठेवा.

परदेशातल्या मुलांना फराळ पाठवायचा आहे.

बेसनाचे लाडू, चकली, पोह्याचा चिवडा, शंकरपाळे हे दोन ते तीन आठवडे टिकतात. ओल्या नारळाच्या करंज्या, पेढे, बर्फी पाठवू नका. चकल्या पसरट डब्यात आडव्या ठेवल्या तर खालच्यांचा चुरा होतो. उंच डब्यात उभ्या रचा, मधल्या फटीत टिश्यू कोंबा आणि डबा हलवून बघा. खडखडला तर अजून भरा. लाडू वेगळ्या डब्यात, त्यांच्या तुपाने चिवडा मऊ पडतो. दिवाळीच्या थोडं आधी पोचेल अशा बेताने कुरिअर करा.

विमानाने स्वतः नेत असाल तर ओटीतली सुक्या खोबऱ्याची वाटी सामानातून काढा. तेलामुळे सुकं खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं आणि तपासणीत बॅग उघडली जाते. लोणचं हातातल्या बॅगेत नको, ते द्रवात धरतात. ऑस्ट्रेलियाला जाताना प्रत्येक खाद्यपदार्थ उतरण्याच्या फॉर्मवर लिहाच. लिहून जप्त झालं तर फक्त पदार्थ जातो, न लिहिता सापडलं तर दंड होतो.

आजी-आजोबांना काही नकोच असतं. त्यांना काय द्यावं?

एक जुना फोटो. घरातला ४ बाय ६ इंचाचा फोटो फ्रेममधून अलगद काढून ६०० डीपीआयवर स्कॅन करा. तो ८ बाय १२ इंचांचा छापला तरी रेषा स्पष्ट राहतात. मोबाइलने काचेवरून काढलेल्या फोटोत ट्यूबलाइटची तिरीप येते आणि चेहरे फिकट दिसतात. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, फ्रेमसकट स्टुडिओत न्या. छापलेल्या फोटोमागे कोण कोण आहे, गाव कोणतं, साल कोणतं हे त्यांनाच विचारून पेन्सिलीने लिहा. हे विचारणं हीच खरी भेट होते, दुपार कशी जाते कळत नाही.

कागद कितीचा लागतो? माझ्याकडून नेहमी कमी पडतो.

खोक्याची रुंदी आणि उंची मिळवून दुप्पट करा, त्यात ३ सेंटिमीटर घाला, ही एक बाजू. लांबीत उंचीची दीडपट मिळवा, ही दुसरी. ३० बाय २० बाय ८ सेंटिमीटरच्या साडीच्या खोक्याला ५९ बाय ४२ लागतो, म्हणजे ५० बाय ७० च्या एका तावात बसतो. टोकांना कागद जास्त सोडला तर घड्या फुगतात, म्हणून जादा कागद कापून टाका.

मोठ्या भेटींवर कर लागतो का?

स्वतःच्या लग्नात मिळालेल्या भेटींवर आणि आयकर कायद्याच्या व्याख्येतल्या नातेवाइकांकडून मिळालेल्या भेटींवर प्राप्तिकर नाही. मित्रांकडून वगैरे आलेली रक्कम एका आर्थिक वर्षात मिळून ५०,००० रुपयांच्या वर गेली तर पूर्ण रक्कम करपात्र होते, फक्त वरची नाही. मुंज, वाढदिवस, वास्तुशांत यांना लग्नाची सवलत लागू नाही. एका प्रसंगानिमित्त एकाच व्यक्तीकडून रोख दोन लाख किंवा जास्त घेऊ नका.

लग्न होऊन दोन महिने झाले, भेट द्यायची राहूनच गेली.

आता तर नेमकं देता येईल. दोन महिन्यांत घरात काय तीन-तीन आलंय आणि काय नाहीच, हे त्यांना कळलेलं असतं. फोन करून सरळ विचारा, ‘स्वयंपाकघरात काय अडतंय?’ उत्तर बहुतेक वेळा लहानच असतं. पुरणयंत्र, खलबत्ता, दोन माणसांपुरता छोटा कुकर, कपडे वाळत घालायचा स्टँड. ते घेऊन एखाद्या रविवारी सकाळी जा, आणि कुकर असेल तर पहिला भात त्यातच लावायला सांगा.